तेल लालच होतं

मामा,

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी अजून कुठं जळक्या तेलाचा वास आला की आधी तुम्ही आठवता आणि मग मला किळस येते. गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला दिलेली गाडी आणायला मी एकटीच गेले होते. आता आमच्याकडेही बिनक्लचची गाडी आहे; तुमच्या मुलाचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून घेतली. शेजारच्या खड्ड्यावर कुणाची तरी मोठी गाडी उभी होती आणि तिच्या गिअरबॉक्समधलं काळंकुट्ट तेल खालच्या ट्रेमध्ये सांडत होतं. कढईत विसरलेल्या तेलात कुणी रबरी चप्पल टाकावी तसा तो वास. मी तोंडाला पदर लावून बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. तिथल्या माणसानं पाणी आणून दिलं, उन्हाचा त्रास झाला का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. घरी आल्यावर वाटलं, इतकी वर्षं हा वास मी उन्हावर ढकलते आहे, आता तुम्हालाच एकदा सांगून टाकावं.

आमच्याकडे वाईला सासऱ्यांना मामंजी म्हणत. लग्न होऊन कराडजवळच्या मलकापूरला आले तेव्हा त्याचं नुसतं मामा झालं. सासूबाई आधीच गेलेल्या, तुमचा मुलगा पुण्याला कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणार. त्यामुळे पुढं गॅरेज, मागं स्वयंपाकघर, मधे एक खोली आणि त्यात तुम्ही नि मी. पहिले सहा महिने आपण बोललोच नाही म्हटलं तरी चालेल. तुम्ही सैन्याच्या वर्कशॉपात वीस वर्षं काढलेली, बोलणं तिथंच मोजकं झालेलं. जेवायला बसण्याआधी तुम्ही कोपरापर्यंत राखेनं हात घासायचात, तरी नखांत काळं राहायचं, आणि त्या नखांनी तुम्ही भाकरी मोडायला लागलात की मी तव्याकडं तोंड फिरवायची. आता लपवून काय करायचंय? मला तुमच्या हातांची किळस यायची. पुढं ती गेली, आणि नंतर वेगळ्याच कारणानं परत आली, ते सांगायलाच बसले आहे.

ती पांढरी पिकअप आली तेव्हा मी मागच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होते. दारावर संस्थेचं नाव होतं. गावोगावी दवाखाने चालवणारी, मेंढरांना औषधं पुरवणारी ती संस्था. कचेरी कराडला, आणि गाडी परदेशातल्या कुणा देणगीदारांनी भेट दिलेली. ड्रायव्हर आटपाडीकडचा, मेंढरांमागं वाढलेला, तिशीचा, टोपी हातात धरून बोलणारा माणूस. त्यानं तुम्हाला सांगितलं, "मिस्त्री, रेस घेती, पर जात न्हाई. गार हाय तंवर बरी चालती. तापली की जाग्यावरच वरडती." तुम्ही दार उघडून आत पाहिलंत. पायाशी दोनच पेडल, क्लचचा पत्ता नाही. आयुष्यभर गाड्या खोललेल्या माणसाला आपल्यापुढं काय आलंय ते कळू नये, हे तुमच्या तोंडावर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डॅशबोर्डच्या खणात जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेलं. ते घेऊन तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आलात आणि म्हणालात, "पोरी, हे काय म्हणतंय ते वाचून सांग." मी बारावी शास्त्र झालेली होते. त्या घरात माझ्या शिक्षणाची कुणी काही चौकशी केली ती तेव्हाच.

मला ती संध्याकाळ अजून दिसते. मी भाकरी थापते आहे, पुस्तक माझ्या गुडघ्याशी उघडं आहे, पानांवर पीठ सांडतंय, आणि तुम्ही पाटावर बसून आगीकडं बघत ऐकताय. मी वाचते, मग मराठीत सांगते. साध्या गाडीत आपला पाय क्लच दाबतो, इथं ते काम तेल करतं. तेलाच्या दाबानं आतल्या प्लेटा एकमेकींना धरतात. मी दोन ताटल्या एकीवर एक ठेवून दाखवते. दाब कमी झाला की ह्या घसरणार, घसरल्या की तापणार, तापल्या की तेल जाळणार, तेल जळलं की दाब आणखी कमी. तुम्ही मान हलवता. मग मी वाचते की तेल लाल असावं, त्याचा वास गोडसर असावा, आणि ते तपासताना गाडी तापलेली आणि इंजिन चालू हवं. मी म्हणते, "मामा, तुम्ही दुपारी इंजिन बंद करून तेल मोजायची पट्टी काढलीत." तुम्ही ताटल्या बाजूला सारता. "इंजन बंद करूनच तेल बघत्यात. तू जल्मायच्या आदीपास्नं बघतोय मी. तू वाच, शिकवू नगंस." मी खाली बघून वाचत राहते आणि तव्यावरची भाकरी करपते. तुम्ही ती करपलेलीच भाकरी खाता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. इंजिन चालू होतं. ड्रायव्हर ब्रेक दाबून गिअरचा दांडा एकेका खुणेवरून फिरवत होता, पुस्तकात सांगितलं होतं तसा, आणि तुम्ही वाट बघत उभे होतात. मग पट्टी काढलीत. माझ्याकडं पाहिलं नाहीत, पण थोड्या वेळानं हाक मारलीत आणि ती पट्टी माझ्या नाकाशी धरलीत. "वास घे." मी घेतला आणि भिंतीशी जाऊन सगळा चहा ओकले. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही बादलीतलं पाणी पुढं केलंत नि म्हणालात, "किळस आली न्हवं? मग तुला जमंल हे. ह्या डब्यात डोळं घालता येत न्हाईत. नाकावरच सगळं हाय."

मग तुम्ही मला एकेक दाखवत गेलात, किंवा मी वाचत गेले आणि तुम्ही करत गेलात, त्यातलं शिकवणारं कोण हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकायचा आणि तो पसरताना बघायचं. आमच्या कागदावर मधोमध काजळासारखा डाग राहिला. खालचा चेंबर सोडला तर तळाशी बोटभर काळा लगदा होता, आणि आतल्या लोहचुंबकाला लोखंडाची लव चिकटली होती, सुरवंटाच्या अंगावर असते तशी. तो लगदा बोटांत चोळून बघायला लावलात. कचकच लागली. प्लेटांवरचं अस्तर झिजून तेलात उतरलं होतं. तेव्हा ड्रायव्हरनं मान खाली घालून सांगितलं, की मागच्या साली वाटेत तेल कमी झालं तेव्हा कचेरीतल्या कुणीतरी साध्या ट्रकच्या गिअरचं जाड तेल ओतलं होतं आणि तो काही बोलू शकला नव्हता. रेडिएटरकडं जाणारी नळीही झिरपत होती. नव्या प्लेटा मिळायची सोय नव्हती. मुंबईच्या जुन्या बाजारात तुम्ही स्वतः जाऊन आलात, तिथं ह्या जातीचा गिअरबॉक्स कुणी पाहिलाही नव्हता. परत आल्यावर तुम्ही पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, "मरंल तंवर जपायची."

आणि वर्षभर आपण ती जपली. तुम्ही तीनदा तेल काढून तीनदा नवं भरलंत, जाळी रॉकेलनं धुतलीत, नळी बदललीत, आणि भंगारातल्या जीपमधला तेल गार करायचा लहान रेडिएटर पुढं बसवलात. ड्रायव्हरला नियम घालून दिलेत: चाळीसच्या वर जायचं नाही, ओझं भरायचं नाही, घाट चढायचा नाही. तापली तर बाजूला घेऊन न्यूट्रलला टाकायची आणि इंजिन चालूच ठेवायचं, म्हणजे तेल फिरून गार होईल. हे सगळं मी एका वहीत लिहून काढलं आणि त्याला वाचून दाखवलं. रोज सकाळी पट्टी कशी बघायची ते मीच त्याला शिकवलं. दर महिन्याला तो गाडी घेऊन यायचा. मी शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायची, तो दांडा पुढं जायच्या खुणेवर टाकायचा, आणि गाडीला हिसका बसेपर्यंत मी मनात आकडे मोजायची. एक, दोन. ते वहीत लिहायची. गार असताना किती, तापल्यावर किती. चांगल्या गाडीला एकाच्या आत हिसका बसतो. आपली दोनावर होती आणि आपण तिला दोनावरच धरून ठेवली होती. आष्ट्याहून, कराडहून माणसं गाड्या घेऊन यायची तर तुम्ही म्हणायचात, आमच्या सुनंला इचारा. कराडच्या पेठेतून मला एक लहान बॅटरी आणून दिलीत, गाडीखाली बघायला, माझी म्हणून. माझी आई एकदा वाईहून आली, तिनं माझी नखं पाहिली आणि जेवताना माझ्या हातांकडं बघायचं टाळलं. मला हसू आलं. तुमच्या हातांची किळस कधीच गेली होती. माझेही हात तसेच झाले होते. तेवढी खूश मी त्या घरात त्याआधी नव्हते आणि, खोटं कशाला सांगू, त्यानंतरही कधी झाले नाही.

उन्हाळा आला आणि आकडा वाढायला लागला. तीन. चार. तापल्यावर पाच. मग तिसरा गिअर तापला की धरेनाच. आपण पुन्हा तेल काढलं, पुन्हा काळं. तुम्ही कागदावरचा डाग बराच वेळ बघितलात आणि ड्रायव्हरला सांगितलंत की ही संपली, कचेरीत तसं सांग. त्यानं बॉनेटवरून तळवा फिरवला, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

चार दिवसांनी संस्थेचे सचिव आले. त्यांची मला पहिल्या क्षणापासून शिसारी आली, पण ते महत्त्वाचं नाही, कारण असली माणसं असतातच. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, अत्तर, आणि तोंडात पान. मी धुतलेल्या पायरीवर ते बोलता बोलता पिंक टाकत होते. माझे पोहे त्यांनी बोटं चोखून खाल्ले आणि तीच बोटं पुसायला दारावरचा पडदा ओढला. म्हणणं असं होतं, की देणगीदार कराडच्या कचेरीसाठी नवी जीप द्यायला तयार आहेत, पण जुनी गाडी चांगल्या स्थितीत आटपाडीच्या दवाखान्याकडं सोपवली तरच. जुनी गाडी चांगली आहे असं जाणकाराचं पत्र हवं, इंग्रजीत. सैन्यात काम केलेल्या मिस्त्रीची सही असेल तर कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही. तुम्ही गाडी संपल्याचं सांगितलंत. ते हसले. उठता उठता त्यांनी तुमच्या मुलाची चौकशी केली, पुण्याला किती दिवस ठेवणार म्हणाले. त्यांच्या मेव्हण्याचा कराडजवळ कारखाना होता, तिथं माणूस हवाच होता.

त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून एक बाटली आणि जाड तेलाचा डबा आणलात. ती बाटली कशाची ते मला माहीत होतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की असलं काही कधी घालू नये. तिच्यानं आतली रबरं फुगतात, जाड तेलानं दाब तात्पुरता वाढतो, आठ-पंधरा दिवस गाडी तरुण झाल्यासारखी पळते, आणि मग एकाएकी सगळं सोडून देते. जुन्या गाड्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे लोक हे करतात, असं तुम्हीच मला तुच्छतेनं सांगितलं होतंत. त्या दिवशी मात्र मला हाक मारली नाहीत. दार लोटून घेऊन एकट्यानं भरलंत. बाटलीतलं औषध लाल होतं, त्यावर ओतलेलं डब्यातलं तेलही लाल.

मग तुम्ही हात धुऊन स्वयंपाकघरात आलात आणि गॅरेजच्या नावाचा कागद माझ्यापुढं ठेवलात. "लिही. इंग्रजीत लिही."

मी म्हणाले, "मामा, तिसरा गिअर संपलाय तिचा."

तुम्ही पाटावर बसला नाहीत, उभेच राहिलात. "पोरगं घरला यील. तुझा संसार हुईल. किती दिस म्हाताऱ्यासंगं राहशील? लिही."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि मी ते आणखी चांगलं काढलं. गिअरबॉक्स तपासला, दोष आढळला नाही, गाडी घाटाच्या रस्त्याला योग्य आहे. 'योग्य' ह्या शब्दापाशी थांबून मी विचार केला, की इंग्रजीत कुठला शब्द जास्त वजनदार वाटेल, आणि तो घातला. तुम्ही खाली सही केलीत आणि तिच्याखाली मराठीत हवालदार, निवृत्त, असं लिहिलंत. मामा, मला राग येतो तो तुम्ही सही केलीत म्हणून नाही. हवालदार लिहिलंत म्हणून येतो.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गाडी न्यायला आला. त्यानं स्वतःच सुरू केली, दांडा टाकला, मोजलं, आणि खिडकीतून डोकं काढून मला म्हणाला, "वैनी, एकातच घेतला की." त्याच्या तोंडावर जे होतं ते मला अजून बघवत नाही. गाडीसंगं त्याचीही बदली आटपाडीला झाली होती, म्हणजे त्याच्या गावाकडं, बायकापोरांत. तो उतरून तुमच्याकडं आला. "मिस्त्री, आता घाट चढंल का?" तुम्ही चिंधीला हात पुसत होतात. "चढंल," म्हणालात. मी दारातच उभी होते. चढणार नाही हे मलाही ठाऊक होतं.

पुढचं आम्हाला एका टेंपोवाल्याकडून कळलं, तो विट्याहून येत होता. एका वाडीवरची बाळंतीण अडली होती आणि आटपाडीहून तिला विट्याला हलवायचं होतं. पिकअपमध्ये ती, तिची आई आणि दवाखान्यातली नर्स. भिवघाटाच्या अर्ध्या चढावर, भर दुपारी, इंजिन ओरडायला लागलं आणि चाकं थांबली. ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला, दांडा न्यूट्रलला टाकला आणि इंजिन चालूच ठेवलं, म्हणजे तेल फिरून गार होईल. बायकांना उतरवून बाभळीखाली बसवलं. मग मागच्या चाकाला दगड लावायला तो वाकला आणि हँडब्रेक सुटला. चाक त्याच्या पावलावरून गेलं, गाडी मागं जाऊन चरीत कलली. बाळंतिणीला पाठीमागून आलेल्या ट्रकवाल्यानं विट्याला पोहोचवलं, ती सुटली, पोरगी झाली. ड्रायव्हरचं उजवं पाऊल सांगलीच्या दवाखान्यात घोट्याच्या वरून काढलं. टेंपोवाला हे सांगत असताना तुम्ही एकच नट आवळत होतात, तो केव्हाच आवळला गेला होता. मग पाना ठेवलात आणि उन्हातच कुठंतरी चालत गेलात. दिवेलागणीला परत आलात. कुठं गेला होतात ते मी विचारलं नाही.

महिन्याच्या एक तारखेला तुमचा मुलगा ट्रंक घेऊन घरी आला. मी पुरणपोळ्या केल्या. तुम्ही गप्प का असं त्यानं विचारलं, मी म्हणाले वय झालं. त्याला आजपर्यंत काही माहीत नाही. त्या नोकरीवर त्याचा संसार झाला, मुलांची शिक्षणं झाली, हे घर झालं. ह्या घराच्या भिंतीला कधीकधी मी हात लावते आणि मग तो हात धुते.

पावसाळा संपता संपता ड्रायव्हर आला. एसटीतून उतरून, काखेत कुबडी घेऊन, हायवेच्या कडेकडेनं. मला वाटलं भांडायला आला, आणि मला बरंही वाटलं, कुणीतरी भांडायला हवंच होतं. तुम्ही त्याला स्टूल दिलंत. मी चहा ठेवला. त्यानं पाय लांब केला, जिथं पाऊल नव्हतं तिथं धोतराचं फडकं बांधलेलं होतं, आणि तो तुमच्याकडं बघून म्हणाला, "आवं मिस्त्री, माजं काय चुकलं तेवडं सांगा. रोज सकाळी पट्टी बघत हुतो. वैनींनी शिकवल्यागत इंजन चालू ठिवून बघत हुतो. तेल लालच हुतं."

मामा, मी गाळणं हातात धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, आता सांगतील. तुम्ही खाली बघत म्हणालात, "चढाला पार्किंगच्या खुणंवर टाकायची, चाकं अडकत्यात. न्यूट्रलला कशापायी टाकलीस?"

त्यानं विचार केला. मग मान हलवली. "व्हय. चुकलंच माजं." आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. हे मला सगळ्यात जास्त किळसवाणं वाटतं, अजून वाटतं. तो आटपाडीहून कुबडीवर एवढ्या लांब आला होता ते आपली चूक मागायला, आणि तुम्ही ती त्याला दिलीत, आणि ती घेऊन तो घरी जायला निघाला. न्यूट्रलचा नियम तुमचा होता. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात लिहिलेला होता, ती वही आतल्या फळीवर होती, माझ्यापासून चार पावलांवर. मी पुढं झाले, त्याच्या कपाकडं पाहिलं आणि म्हणाले, "आणखी चहा घ्या." त्यानं घेतला. जाताना कप नळाखाली विसळून पालथा घालून ठेवला.

त्यानंतर मी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत. आपण पुन्हा पहिल्या सहा महिन्यांसारखे झालो, मी वाढायची, तुम्ही जेवायचात, आणि मी तव्याकडं तोंड फिरवायची.

तीन वर्षांनी तुमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून तुमचं सगळं मी केलं. अंग पुसलं, कपडे बदलले, भात मऊ करून भरवला. मलकापुरातल्या बायका माझं नाव काढायच्या, मुलगी करणार नाही एवढं करते म्हणायच्या. मी ते माया म्हणून करत नव्हते, हे तुम्हाला ठाऊक असावं. तुमचं धुताना माझे दात दाबलेले असायचे. एका दुपारी तुम्ही माझं मनगट धरलंत, डाव्या हातानं, आणि अडखळत बोललात. एकेक शब्द मला ओठांवरून वाचावा लागला. "त्येला सांगून यी. गाडी मेल्याली हुती. न्यूट्रल मी सांगिटलं." मी म्हणाले जाते. त्या आठवड्यातच घरी सगळ्यांना सांगून, सकाळच्या गाडीनं निघाले.

परत आले तेव्हा तुमची मान दाराकडंच होती. मी पाय धुण्याआधी तुम्ही विचारलंत, "काय म्हनला?" मी तुमच्याजवळ बसले. सांगितलं की तो घरापुढं बाजेवर बसला होता, बायकोनं मला पाणी दिलं, मी सगळं सांगितलं, आणि तो म्हणाला, "जाऊ द्या वैनी, मिस्त्रींवर माजा राग न्हाई." मी ते त्याच्याच बोलीत सांगितलं, म्हणजे तुम्हाला त्याचा आवाज ऐकू यावा. तुमच्या एका डोळ्यातून पाणी आलं. मग तुम्हाला भूक लागली. कित्येक दिवसांनी तुम्ही पोटभर जेवलात, आमटी पुन्हा मागितलीत, हनुवटीवरून ओघळलेली जिभेनं ओढून घेतलीत. मी भरवत होते आणि तुमच्या त्या जेवण्याची मला इतकी शिसारी आली, की वाटी तिथंच ठेवून उठून जावं. मी उठले नाही. पुढं दोन आठवड्यांनी तुम्ही गेलात. लोक म्हणाले, चेहरा किती शांत आहे बघा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून हे लिहिता येतंय. मामा, मी आटपाडीला गेलेच नव्हते. विट्यापर्यंत गेले. आटपाडीची एसटी फलाटाला लागलेली होती, कंडक्टर हाका मारत होता, जागाही होती. मी स्टँडबाहेरच्या रसवंतीत बसून उसाचा रस प्यायले आणि तो काय म्हणाला असता ते तिथं बसून ठरवलं. ते ठरवायला वेळ लागला, म्हणून दुसरा ग्लास घेतला. मग कराडची गाडी धरली.